'कीचकवध' आज करायचं आहे: या नाटकाने बंडाला खरंच हातभार लावला का?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. आमची सांगलीत एक लहानशी हौशी संस्था आहे. दिवाळीच्या सुमारास 'कीचकवधा'तल्या निवडक प्रवेशांचं अभिवाचन करायचं आमच्या मनात आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आमच्या गावचे, आणि गावातल्या तरुण मुलांना त्यांचं नाव रस्त्याच्या पाटीपलीकडे माहीत नाही, याचं वाईट वाटतं.

पण पहिल्याच बैठकीत दोन तट पडले. एका गटाचं म्हणणं असं की ही महाभारताच्या विराटपर्वातली गोष्ट आहे, खाडिलकरांनी ती रंगवून सांगितली एवढंच. घाबरलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना तीत राजद्रोह दिसला आणि नंतर आपणही त्याच भासाचा गौरव करत बसलो. दुसरा गट म्हणतो, हे सरळ सरळ जहालांचं प्रचारनाट्य आहे, 'केसरी'तले अग्रलेख पात्रांच्या तोंडी घातले आहेत. आमच्यातला एक उत्साही मुलगा तर कीचकाला हॅट आणि छातीवर पदकं देऊन थेट लॉर्ड कर्झन म्हणूनच उभा करायचं म्हणतो.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. जुन्या काळातली गोष्ट रंगमंचावर सांगून लोकांना राज्याविरुद्ध उठवता येतं, असं कधी घडलं आहे का? आणि खाडिलकरांनी पेशवाईवरही नाटकं लिहिली, मग ज्यावर बंदी आली ते नाटक महाभारतातलं कसं? कर्झनच्या हॅटबद्दलही सांगा, मुलगा ऐकायला तयार नाही.

वकीलवाडा

कायद्यापुरतं सांगतो. बंदी आली ती 1876 च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली, आणि त्या कायद्याचा जन्म बंगालमध्ये झाला. दीनबंधू मित्रांचं 'नीलदर्पण' 1860 मध्ये छापलं गेलं. निळीच्या मळेवाल्यांचा जुलूम त्यात होता. त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्याबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग यांना 1861 मध्ये एक महिना कैद आणि हजार रुपये दंड झाला. पुढे 1876 मध्ये इंग्लंडच्या युवराजांच्या कलकत्ता भेटीवरून त्यांचं आगतस्वागत करणाऱ्या एका बड्या असामीची खिल्ली उडवणारा प्रहसनाचा प्रयोग झाला. त्यावर व्हॉइसरॉय नॉर्थब्रुक यांनी आधी वटहुकूम काढला आणि वर्षअखेरीस कायदाच झाला.

कायद्याची धार कुठे होती पाहा. सरकारबद्दल अप्रीती निर्माण होण्याचा संभव असला तरी प्रयोग थांबवता येत होता. अप्रीती खरोखर निर्माण झाली हे सिद्ध करावं लागत नव्हतं. मनाई मोडून प्रयोग झाला तर नट, मालक आणि जाणूनबुजून तिथे बसलेला प्रेक्षकही गुन्हेगार, तीन महिन्यांपर्यंत कैद. पोलिसांना पडदे आणि कपडेपट जप्त करता येत असे. हा कायदा पुस्तकातून गेला 2018 मध्ये.

तुमच्या कामाचं एक. प्रवेश लावून, तिकीट ठेवून जाहीर प्रयोग करणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची असते. नुसतं अभिवाचन असलं तरी आधी विचारून घ्या, ऐन वेळी धावपळ नको.

विंगेतून

कृष्णाकाठ, तुमच्या दोन्ही गटांना विराटपर्व पुन्हा उघडायला सांगा. मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं आणि उरलेलं आयुष्य नाटकाच्या तालमींत घालवलं. हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

भर सभेत कीचक सैरंध्रीला, म्हणजे दासीच्या वेशातल्या द्रौपदीला, लाथ मारतो. बल्लव झालेला भीम तिथेच आहे. त्याची नजर बाहेरच्या एका झाडाकडे जाते. ते उपटून तो काय करणार हे कंकाला, म्हणजे युधिष्ठिराला, कळतं. तो भीमाचा अंगठा आपल्या अंगठ्याने दाबतो आणि म्हणतो, अरे आचाऱ्या, सरपणासाठी झाड बघतोस का? सरपण हवं असेल तर बाहेर जाऊन आण. आणि द्रौपदीला? तुला वेळकाळ समजत नाही, नटीसारखी इथे रडत काय बसलीस, द्यूतात अडथळा येतो! हे व्यासांनी लिहिलेलं आहे. मवाळ आणि जहाल खाडिलकरांनी बाहेरून आणून बसवले नाहीत, ते त्या सभेत आधीच उभे होते. म्हणून 'ही नुसती महाभारतातली गोष्ट' आणि 'हा नुसता प्रचार' ही दोन्ही वाक्यं मला अपुरी वाटतात. खाडिलकरांची प्रतिभा गोष्टीच्या निवडीत आहे. 1907 साली प्रेक्षकाच्या मनात जो प्रश्न दिवसरात्र होता, तोच प्रश्न ज्या गोष्टीच्या पोटात हजारो वर्षं पडून आहे, ती त्यांनी नेमकी उचलली.

आता तो काळ आठवा. 16 ऑक्टोबर 1905 ला वंगभंग, म्हणजे बंगालची फाळणी, अमलात आला. ती करणारा व्हॉइसरॉय कर्झन त्याच वर्षी परत गेला. नाटक रंगभूमीवर आलं 1907 मध्ये, महाराष्ट्र नाटक मंडळीने केलं, तेव्हा व्हॉइसरॉय मिंटो होता. म्हणजे ज्याच्यावर बोट रोखलं तो माणूस खुर्चीवरून उतरलेला होता आणि त्याचं नाव नाटकात एकदाही येत नाही. डिसेंबर 1907 मधली सुरतेची फूट अजून व्हायची होती, जहाल आणि मवाळ एकाच काँग्रेसमध्ये बसत होते. नाटकातला भीम थोरल्या भावाचा मान राखतो, त्याच्या सौम्य उपायांना वाट देतो आणि ते उपाय हरल्यावरच उठतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. नाटक मवाळांना शत्रू म्हणत नाही. थोरल्याचे उपाय करून झाले, आता धाकट्याला करू दे, असं ते म्हणतं. घराघरांत जेवणाच्या पाटावर जे बोललं जात होतं तेच हे.

तुमचा दुसरा प्रश्न, महाभारतच का. याचं उत्तर माझ्या मते 1897 मध्ये आहे. शिवराज्याभिषेकाच्या उत्सवात अफझलखानाच्या वधावर झालेली भाषणं आणि शिवाजीच्या तोंडी घातलेली एक कविता 'केसरी'त जूनमध्ये छापून आली. आठवड्याभरात पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या खटल्याने सरकारला एक गोष्ट शिकवली: अफझलखान म्हटलं की कान टवकारायचे. मराठ्यांचा इतिहास त्या दिवसापासून पहाऱ्याखाली गेला. महाभारतावर पहारा बसवणं अवघड होतं, ते कीर्तनात होतं, ओवीत होतं, आजीच्या तोंडी होतं. खाडिलकर टिळकांच्या शेजारी बसून 'केसरी'त लिहिणारे. हा हिशेब त्यांच्या नजरेतून सुटला असेल, हे मला पटत नाही.

आणि पेशवाई त्यांनी सोडली नाहीच. 1909 चं 'भाऊबंदकी' वाचा. तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, सुरतेत काँग्रेस फुटली होती. नारायणराव पेशव्यांचा 1773 मधला शनिवारवाड्यातला खून, आणि राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री. 1907 मध्ये भीम धाकटा होऊन थांबतो, दोन वर्षांनी घरच फुटलेलं आहे आणि सत्तेपुढे उभा राहायला एक न्यायाधीश उरला आहे. ही दोन नाटकं एकामागोमाग एक वाचली की खाडिलकर वर्तमानावर किती बारीक नजर ठेवून होते ते दिसतं.

आता पहिला प्रश्न, असं कधी घडलं आहे का. इंग्लंडातलंच उदाहरण देते. वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं म्हणून ते मला तोंडपाठ आहे.

1601 साल. राणी एलिझाबेथ म्हातारी झालेली, वारस जाहीर नाही. तिचा एकेकाळचा लाडका सरदार, अर्ल ऑफ एसेक्स, दरबारातून उतरलेला. 7 फेब्रुवारीला, शनिवारी, त्याची माणसं जेवून थेम्सच्या पलीकडे ग्लोब नाट्यगृहात गेली. नाटक कोणतं लावायचं ते त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं: दुसऱ्या रिचर्ड राजाला पदच्युत करून मारलं जातं ते. शेक्सपियरच्या मंडळीचा एक नट ऑगस्टीन फिलिप्स याने नंतर जबानीत सांगितलं की नाटक जुनं झालं होतं, लोक येणार नाहीत म्हणून आम्ही दुसरं सुचवलं, पण नेहमीच्या उत्पन्नावर चाळीस शिलिंग जास्त कबूल केले म्हणून केलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, एसेक्स तीनेकशे माणसं घेऊन लंडनच्या रस्त्यावर आला. लोकांनी दारं लावून घेतली. कोणी उठलं नाही. 25 तारखेला त्याचं डोकं उडवलं गेलं.

नाटकमंडळीला काहीच झालं नाही. एसेक्सच्या वधाच्या आदल्या संध्याकाळी तीच मंडळी राणीपुढे नाटक करत होती. पण नाटक लावायला सांगणाऱ्यांपैकी सर गेली मेरिक याच्या खटल्यात तो प्रयोग गुन्ह्याचा पुरावा म्हणून मांडला गेला आणि मेरिक फासावर गेला. त्याआधी जॉन हेवर्ड नावाच्या इतिहासकाराने रिचर्डला हटवणाऱ्या चौथ्या हेन्रीवर 1599 मध्ये पुस्तक लिहून ते एसेक्सला अर्पण केलं, तर त्याला टॉवरच्या तुरुंगात टाकलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या राजाची गोष्ट! शेक्सपियरच्या नाटकातला मुकुट उतरवण्याचा प्रवेश राणी जिवंत असताना छापील आवृत्तीत आलाच नाही, तो आला 1608 मध्ये. बंडाच्याच वर्षी, 1601 च्या ऑगस्टमध्ये, जुनी दप्तरं दाखवायला आलेल्या विल्यम लँबार्डला राणी म्हणाली म्हणतात की रिचर्ड दुसरा म्हणजे मीच, ठाऊक नाही का तुम्हाला? या संवादाच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, म्हणून त्यावर सगळा भार टाकत नाही. पण हेवर्डची कैद आणि मेरिकचा खटला यांत वाद नाही.

मला सांगायचं आहे ते इथे येतं. जुनी गोष्ट दाखवणाऱ्याने 'हा तुमचा राजा' असं म्हणायचंच नसतं. ती ओळख पटवण्याचं काम राज्यकर्ता करतो. 18 जानेवारी 1910 च्या लंडनच्या 'टाइम्स'मध्ये 'कीचकवधा'वर लेख आला. त्यात म्हटलं होतं की नाव कुठेही उच्चारलेलं नसलं तरी नाट्यगृहातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर मवाळ आणि भीम जहाल. राजा विराट म्हणजे विलायतेतलं दुबळं सरकार, ज्याने कीचकाला मोकळं सोडलं आहे. व्हॅलेंटाईन चिरोल या इंग्रज पत्रकाराने हा मजकूर त्याच वर्षी आपल्या पुस्तकात घेतला (याच पुस्तकावरून टिळक पुढे लंडनच्या कोर्टात त्याच्याशी भांडले आणि 1919 मध्ये खटला हरले). आता सरकारची अडचण बघा. नाटकावर बंदी घालायची तर आधी कबूल करायला हवं की परस्त्रीला दासी म्हणून मागणारा, लाथ मारणारा, उन्मत्त कीचक आमच्या व्हॉइसरॉयसारखा दिसतो. 1910 मध्ये त्यांनी बंदी घातली. खाडिलकरांनी जे एकदाही म्हटलं नव्हतं ते सरकारने सही-शिक्क्यानिशी म्हटलं.

म्हणून हॅट नको. तुमच्या मुलाला प्रेमाने समजवा. हॅट घातलीत की कीचक कर्झनपुरताच उरतो, आणि कर्झन आज कोणाला आठवतो? बघणाऱ्याने स्वतः ओळखायचं असतं, ते काम त्याच्याकडून काढून घेऊ नका.

ठाणेकर

विंगेतून, तुमची मांडणी आवडली, पण एका ठिकाणी थांबतो. बंदीच्या आदल्या महिन्यात, 21 डिसेंबर 1909 ला, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्या रात्री नाटक होतं देवलांचं 'शारदा'. म्हाताऱ्याशी लावलेल्या लग्नाविरुद्धचं सामाजिक नाटक, त्यात राज्याचा र नाही. कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना आमच्या ठाण्याच्या तुरुंगात 19 एप्रिल 1910 ला फाशी झाली. मग 'कीचकवधा'चा यात हात कुठे? एसेक्सच्या नाटकानेही कोणी उठलं नाही असं तुम्हीच सांगता. नाटकाने बंड होतं हे सिद्ध करणारं यात मला काहीच दिसत नाही. क्रांतिकारकांचं श्रेय नाटककारांना देऊन टाकू नये, एवढीच कळकळ.

विंगेतून

ठाणेकर, कान्हेऱ्यांचं श्रेय कान्हेऱ्यांचंच. अठरा वर्षांच्या त्या मुलाने नाटक बघून पिस्तूल उचललं असं म्हणणं हा त्याचाही अपमान आणि नाटकाचाही. एका प्रयोगाने बंड होतं असं मलाही म्हणायचं नाही, एसेक्सची गोष्ट मी त्यासाठीच सांगितली. त्याच्या माणसांनी एका दुपारपुरतं नाटक विकत घेतलं. बघायला बसले तेही त्यांचेच, आधीच ठरवून आलेले. लंडनकराच्या मनात राणीबद्दल तो राग नव्हता, मग नाटक कशाला हात घालणार?

'कीचकवधा'ची परिस्थिती निराळी होती. ते बंदीपर्यंत, जवळजवळ तीन वर्षं, होत राहिलं. लोक स्वतःचे पैसे देऊन आले. 'टाइम्स'च्या त्या लेखकाने प्रेक्षागृहाचं जे वर्णन केलं आहे ते शत्रूच्या हातचं आहे, म्हणून मला मोलाचं वाटतं. कीचकाची कृत्यं बघताना पुरुषांचे ताणलेले, कपाळाला आठ्या पडलेले चेहरे, द्रौपदीची विनवणी ऐकताना बायकांचे चमकणारे डोळे, युधिष्ठिराच्या नरमाईबद्दलचा तिटकारा आणि कीचक मारला जातो तेव्हा सगळ्या नाट्यगृहातून उठणारा समाधानाचा खोल हुंकार. हे सगळं त्याने टिपलं आहे. यात बायकांचे डोळे माझ्या मनातून जात नाहीत. सभेत, मिरवणुकीत, काँग्रेसच्या मंडपात त्या काळी किती बायका जाऊ शकत होत्या? महाभारतातलं नाटक म्हटल्यावर घरातून जाता येत होतं. रंगमंचावरची सैरंध्रीही तेव्हा पुरुषच करीत असे, पण ऐकणाऱ्या बाईला त्यातलं दुःख कोणाचं आहे हे सांगावं लागत नव्हतं.

जॅक्सनच्या वधाने सरकार हादरलं आणि तीन वर्षं चालू असलेलं नाटक अचानक असह्य झालं, असं मी बंदीच्या तारखांवरून समजते. गोळी आणि नाटक यांचा संबंध मला एवढाच दिसतो. बंड करणारी माणसं वेगळी असतात, पण ती पकडली गेल्यावर गावाने त्यांना खुनी म्हणायचं की आणखी काही, हे ज्या ठिकाणी ठरत जातं त्यांतलं एक ठिकाण नाट्यगृह. भीमाने कीचकाला मारलं तेव्हा कोणी त्याला खुनी म्हटलं नाही. सरकारला ती धास्ती होती, आणि त्या बाबतीत सरकारला नाटक आपल्यापेक्षा नीट कळलं होतं.

पुढची पिढीही बघा. अमरावतीच्या वीर वामनराव जोश्यांचं 'रणदुंदुभी' 1927 चं. 'परवशता पाश दैवे' हे पद दीनानाथांच्या गळ्यातून लोकांनी ऐकलं आणि ते नाटकाबाहेर पडून सभांमधून गेलं.

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, हे सगळं छापून उद्या तालमीत वाचून दाखवतो. अंगठा दाबण्याची जागा आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हती. वकीलवाडा, मंडळाकडे चौकशी करतो, आठवण दिलीत ते बरं झालं. ठाणेकर, तुमचा मुद्दा निवेदनात नक्की घेतो.

एक शंका राहते. हॅट काढली, तर आजच्या पोराला कीचक म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेतला गडगडाटी हसणारा राक्षस वाटेल. आमचा कीचक करणारा नट धिप्पाड आहे, आवाजही तसाच. त्याचं काय करायचं?

विंगेतून

त्याला हसू देऊ नका. मी विद्यार्थ्यांकडून हे प्रवेश वाचून घेतले होते. कीचक करणारा मुलगा पहिल्यांदा मिशीवर ताव मारत गर्जना करायचा, आणि समोरची मुलं मजेत बघायची. मग त्याला सांगितलं की तुला सगळं कायद्याने मिळणार आहे, ओरडायची गरज काय? खुर्चीत नीट बस, कागद वाचतोस तशी वाक्यं म्हण, सैरंध्रीकडे बघूसुद्धा नकोस, विराटाकडे बघून माग. खोलीतला गोंगाट बंद झाला. कीचक सेनापती आहे, राणीचा भाऊ आहे, राजाला त्याच्यावाचून राज्य चालवता येत नाही. त्याचा माज त्या खात्रीतून आला पाहिजे. धिप्पाड नट संथ बोलला की जास्त भीती वाटते.

आणि तुमचा सगळ्यात चांगला नट कीचकाला देऊ नका, भीमालाही नको, कंकाला द्या. कंक भ्याड दिसला की नाटक संपलं, कारण मग भीमाचं म्हणणं प्रेक्षकाला फुकट पटतं. आपला थोरला भाऊ शहाणा आहे, त्याचं म्हणणं वाजवी आहे, आणि तरीही सैरंध्री तिथे जमिनीवर पडली आहे, हे तिन्ही एकदम दिसायला हवं. वयाने पन्नाशीचा, आवाज न चढवता समजूत घालणारा कोणी तुमच्यात असेल तर बघा. अंगठ्याची ती जागा निवेदनात सांगत बसू नका, वाचिक असलं तरी दोघांना शेजारी बसवून करून घ्या.

मी मिरजेत असते. तालमी संध्याकाळी असतील तर वार कळवा, दोन-तीनदा येऊन बसेन.